अपक्ष मामा आणि त्यांची राष्ट्रीय धोरणं

कॅनडा नावाच्या या अवाढव्य देशापुढे एकूण किती प्रश्न आहेत याची ओटावातल्या सरकारला कल्पना असेल किंवा नसेल, पण माझ्या बायकोच्या मामांना आहे, आणि त्यातल्या एकूण एक प्रश्नावर मामांकडे उत्तर तयार आहे. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावर मालकी कुणाची, क्युबेकला नेमकं हवंय तरी काय, अफगाणिस्तानात आपलं सैन्य असावं की नसावं, शिकारीच्या बंदुकांची नोंदणी करावी का, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं पुढे काय होणार, यातलं काहीही विचारा. न विचारलंत तरी चालेल. लग्नानंतर मी पहिल्यांदा टोरोंटोला उतरलो तेव्हा हेच मामा मला विमानतळावर घ्यायला आले होते. मी वाकून नमस्कार केला आणि 'प्रवास कसा झाला' या प्रश्नाची वाट पाहत उभा राहिलो. मामा म्हणाले, "जवाईबापू, आता तुम्ही इथले झाले. सांगा बरं, या देशात सेनेट असावं का नसावं?" माझे पाय गारठले होते आणि एक बॅग आलीच नव्हती. मी 'असावं' म्हणून टाकलं. विमानतळापासून मामांच्या स्कारबरोतल्या घरापर्यंत सेनेट का नसावं हे मला सविस्तर समजलं. उतरताना मी हात टेकले आणि 'नसावं' म्हणालो, तर मामांचा चेहरा पडला. वाद संपला होता ना! दाराची किल्ली फिरवता फिरवता ते सेनेटच्या बाजूने बोलू लागले.

मामा मूळचे नागपूरचे. कॅनडाने आपल्याकडच्या इंजिनियरांना दारं उघडली त्या पहिल्या लाटेत ते इथे आले, विजेच्या एका कंपनीत खुर्ची झिजवेपर्यंत नोकरी केली आणि निवृत्त झाले. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांच्या बोलण्यातलं नागपूर तसूभरही हललेलं नाही. इंग्रजी बोलतानाही ते नागपूरचंच बोलतात. मामी पुण्याच्या. मामा तासभर बोलतात, मामी शेवटी एक वाक्य बोलतात, आणि चर्चा तिथेच मिटते. दोघांचा एकुलता मुलगा रिचमंड हिलला असतो. तो वडिलांशी इंग्रजीत बोलतो आणि वडील त्याच्याशी मराठीत भांडतात, आणि हे गेली कित्येक वर्षं कुणाचंही काही न अडता चाललेलं आहे.

आपली धोरणं देशाला लागू व्हायला वेळ लागणार हे ठाऊक असल्यामुळे मामांनी ती आधी स्वतःच्या घराला लागू केली. ऊर्जा धोरण म्हणून घरातलं हीटिंग इतकं खाली ठेवलेलं असतं की मामी आल्या-गेल्याला आधी शाल देतात आणि मग पाणी. नवख्या माणसाला वाटतं आपला सत्कार होतोय. एक गृहस्थ तर शाल घेऊन चार शब्द बोलायला उभे राहिले होते. इमिग्रेशनचं धोरण बेसमेंटमध्ये. भारतातून नव्याने आलेला, नोकरी शोधणारा कुणी ना कुणी इंजिनियर तिथे मुक्कामाला असतोच, आणि त्याला भाडं म्हणून मामांचं ऐकावं लागतं. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसांना इथे टॅक्सी चालवावी लागते याचा मामांना मनापासून संताप. त्यामुळे टॅक्सीत ते नेहमी पुढे बसतात आणि पट्टा लावायच्या आधी चालकाची डिग्री विचारतात. एकदा ब्रॅम्प्टनला एका लग्नाच्या जेवणाला जाताना चालक गुरांचा डॉक्टर निघाला. हॉलच्या दारात टॅक्सी थांबली; मामी उतरल्या, आत गेल्या, जेवल्या, वधूवरांना भेटल्या, आणि डब्यात दोन माणसांचं जेवण घेऊन बाहेर आल्या, कारण भारतातल्या गाईच्या डॉक्टरला कॅनडातली गाय का तपासता येत नाही याचा उलगडा अजून व्हायचा होता.

त्या वर्षी निवडणूक भर हिवाळ्यात आली. बर्फात दारोदार फिरणारे सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते मामांकडे यायचे आणि आपल्या वाट्याची उरलेली गल्ली न करताच परतायचे. एका पक्षाची कॉलेजात शिकणारी एक गोड मुलगी हातात पत्रकं घेऊन आली ती मामींच्या हातची आमटी जेवून आणि आपल्याच पक्षाच्या करविषयक धोरणाबद्दल मनात शंका घेऊन बाहेर पडली. जाताना ती म्हणाली, "सर, यू शुड रन युवरसेल्फ." आता हे तिने कौतुकाने म्हटलं, की कोटाची बाही सोडवून घेण्यासाठी, हे तिलाच ठाऊक. पण मामांनी ते शब्दशः घेतलं आणि आठवड्याभरात ते लोकसभेचे, म्हणजे इथल्या पार्लमेंटचे, अपक्ष उमेदवार झाले. अपक्ष का, तर कुठलाच पक्ष त्यांच्याशी सगळ्या मुद्द्यांवर सहमत नव्हता, आणि एखादा झाला असता तर मामांनीच आपला मुद्दा बदलला असता.

आमच्या मराठी मंडळात या बातमीने एकदम उत्साह पसरला. संक्रांतीच्या कार्यक्रमात मामांना हार घातला, 'आपला माणूस' म्हणून टाळ्या पडल्या. मग हळूहळू लक्षात आलं की टाळ्या वाजवणारे बहुतेक सगळे मिसिसागात राहतात आणि त्यांची मतं भलत्याच मतदारसंघात आहेत. जे थोडे स्कारबरोत होते त्यांना माझ्यासारखंच अजून नागरिकत्व मिळालं नव्हतं. मामांच्या प्रचाराची सगळी धुरा अशी मत देऊ न शकणाऱ्या माणसांच्या खांद्यावर आली. माझ्याकडे नवे विंटर टायर असलेली गाडी होती, म्हणून मी सारथी.

पहिलं काम अंगणात लावायच्या बोर्डांचं. बाकीच्या उमेदवारांच्या बोर्डांवर लांबून दिसेल असं मोठ्ठं नाव आणि पक्षाचा रंग, बस्स. मामांना हे पटेना. "नुसतं नाव लिहून काय समजन बा लोकांना? मुद्दे लिहायला पाहिजे." त्यांनी मुद्दे लिहिले. सगळे लिहिले. अक्षर बारीक करत करत शेवटी पाळणाघरांचं धोरण तळाच्या कोपऱ्यात आडवं बसवलं आणि नाव मागच्या बाजूला गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बोर्डासमोर वेग कमी करायच्या, माणसं काच खाली करून डोळे बारीक करायची, मागचे भोंगे वाजवायचे. दोन जणांनी घर विकायला काढलंय असं समजून फोन केला आणि वॉशरूम किती आहेत विचारलं. मामांनी त्यांना घरांच्या वाढत्या किमतींबद्दलचं आपलं धोरण सांगितलं.

दारोदार फिरताना तर मजा विचारू नका. दार उघडलं की मामा आधी वाकून बूट काढायला लागत. घरमालक बापडा म्हणायचा, 'नो नो, इट्स ओके,' पण बूट घालून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहणं मामांच्या जिवावर यायचं. त्यांचे बूट म्हणजे नाडीचे, घोट्याच्या वर जाणारे. ते काढताना संरक्षण धोरण व्हायचं आणि घालताना पर्यावरण, आणि मधल्या वेळात माणूस त्यांना आत बोलावण्यावाचून करणार काय? सगळं बोलून व्हायचं, पण एक गोष्ट मामा कधीच बोलले नाहीत. 'मला मत द्या' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून फुटेनात. पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन समोर उभा असला तरी तोंडाने 'वाढा' न म्हणणारा तो माणूस! मी रस्त्यावर आल्यावर म्हणायचो, "मामा, मत मागायचं राहिलं." ते म्हणायचे, "असं कसं मागून राहिले तुम्ही? आपल्याच साठी? शोभतं का ते?" एका पंजाबी दुकानदाराने तर न मागता देऊ केलं. "अंकलजी, आप अपने देस के हो, वोट आपका पक्का." मामा त्याच्यावर उखडले. "हमारा टॅक्स का पॉलिसी पूछा क्या तुमने? नहीं पूछा. फिर काहे का पक्का?" त्या वेळी एक पक्ष विक्रीकर कमी करायचं आश्वासन देत होता आणि मामा त्याच्या कट्टर विरोधात होते. दुकानदाराला त्याच्याच दुकानात उभं राहून हे ऐकावं लागलं. शेजारच्या गल्लीतली एक तमिळ आजी तेवढी समाधानी दिसली. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने मामांना स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली आणि शेवटपर्यंत मान डोलावली.

पण या सगळ्या धोरणांत मामांच्या काळजाजवळचं धोरण एकच, आणि ते म्हणजे रांग. या देशात दवाखान्यात सगळ्यांना एकच रांग आहे आणि पैसा किंवा ओळख दाखवून तिच्यात कुणी पुढे घुसता कामा नये, यावर मामा बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. एकदा आम्ही दोघं त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसत होतो तेव्हा त्यांनी त्याचं कारण सांगितलं. ते कॉलेजात असताना त्यांच्या आईच्या पोटात दुखायला लागलं. सकाळीच ते तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले आणि दोघं बाकावर बसले. मागून कुणी साहेबाची चिठ्ठी घेऊन आला, कुणी कुणाचा मेहुणा म्हणून आला, आणि पुढे गेला. आईचा नंबर आला तेव्हा उन्हं उतरली होती आणि आतड्याचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. आई त्या इस्पितळातून घरी आली नाही. पुढे इथे आल्यावर त्यांचा मुलगा लहान असताना तापाने फणफणला, म्हणून त्याला घेऊन ते इमर्जन्सीत गेले. मागून एक भारी सूटबूटवाला गोरा माणूस आपल्या मुलाला घेऊन आला. "आणि माझ्या मागे बसला, जवाईबापू," मामा फावडं बर्फात रोवून म्हणाले. "मागे. काही बोलला नाही. मी त्या दिवशी ठरवलं, हा आपला देश." एवढं बोलून ते पुन्हा बर्फ उपसायला लागले. मीही खाली मान घालून उपसत राहिलो.

आणि नेमकं याच रांगेत मामींचं नाव होतं. मामींचा उजवा खुबा झिजला होता. तो बदलायचा, म्हणजे ऑपरेशन, आणि त्याची वेटिंग लिस्ट इतकी लांब की तारीख कधी मिळेल हे कुणी छातीठोक सांगेना. मामी काठी टेकत चालायच्या. जिना बसून, एकेक पायरी उलटं सरकत चढायच्या. पुण्यात त्यांचा भाचा हाडांचा डॉक्टर. तो फोनवर म्हणायचा, "आत्या, तू फक्त ये, महिन्याभरात तुला चालती करतो." रिचमंड हिलच्या मुलाने तिकिटांची चौकशीसुद्धा केली होती. तो एका रविवारी येऊन वडिलांना म्हणाला, "बाबा, धिस इज नॉट अ डिबेट. शी इज इन पेन." माझी बायकोही मामांवर धुसफुसत होती. दिवसा दारोदार जाऊन मामा सांगत होते की कुणीही रांग मोडू नये, आणि घरी येऊन त्यांनी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसवले, मामींचा चहा वर नेऊन द्यायला लागले, पोळ्या करायला शिकले. मामांची पोळी थेट कॅनडाच्या नकाशासारखी व्हायची, वरच्या अंगाला फाटकी, पण मामी काही न बोलता खायच्या. आणि मामींनी काही न बोलणं हे चांगलं लक्षण नव्हतं.

मतदानाच्या पंधरवडाभर आधी सगळ्या उमेदवारांचा जाहीर वादविवाद होता, आमच्या इथल्या शाळेच्या जिममध्ये. पुढच्या ओळीत मामी, माझी बायको, मी. मामांनी मामींनी विणलेला स्वेटर घातला होता आणि त्यावर टाय बांधला होता. सूत्रसंचालक म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. उमेदवाराची वेळ संपली की त्या टेबलावरची घंटी वाजवायच्या. बाकीच्यांसाठी त्यांनी ती एकेकदा वाजवली असेल. मामांसाठी त्या वाजवतच होत्या. अफगाणिस्तानवर मामा घंटीनंतरही बोलले, विक्रीकर कमी करू नये यावर लोक हुर्यो करत असताना बोलले, बंदुकांवर त्यांनी शेजारच्या उमेदवाराची वेळही वापरून टाकली. लोकांना मजा यायला लागली होती. आरोग्याचा विषय निघाल्यावर ते रांगेबद्दल बोलले आणि तेव्हा मात्र हुर्यो करणारेही ऐकायला लागले. टाळ्या पडल्या. मग मागे बसलेली एक बाई उठली. अंगावर नर्सचा गणवेश होता, थेट ड्युटीवरून आली असावी. तिने अगदी साधेपणाने विचारलं, सर, तुमच्या मिसेस काठी घेऊन आत आल्या ते मी पाहिलं. त्या लिस्टवर असतील. उद्या त्यांचं ऑपरेशन दुसऱ्या देशात लगेच होत असेल, तर तुम्ही त्यांना थांबायला सांगाल का?

मामा काहीच बोलले नाहीत. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. शिक्षिकाबाईंचा हात सवयीने घंटीवर गेला होता तो तिथेच राहिला. मला वाटलं, उठावं आणि आगीची घंटा वाजवावी. शेवटी मामा माइकमध्ये म्हणाले, "आय हॅव नॉट आस्क्ड हर." मग पुढच्या ओळीकडे वळून, माइक तोंडासमोर तसाच धरून, सगळ्या जिमला ऐकू जाईल अशा मराठीत त्यांनी विचारलं, "काय ग, तुझं काय मत आहे?" मामींनी काठी सावरली आणि त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर सांगते." मराठीचं अक्षर न कळणाऱ्या जिमलासुद्धा तो सूर बरोबर कळला आणि हशा पिकला. शिक्षिकाबाईंनी भाषांतर करण्याची विनंती केली. मामा म्हणाले, "द व्होटर इज अनडिसायडेड."

परतताना बर्फ पडत होता. मामी पाय लांब करता यावा म्हणून पुढे बसल्या होत्या, मामा आणि माझी बायको मागे. मग मागून मामा म्हणाले, "सांग न आता."

"दुखतं हो मला," मामी म्हणाल्या. "झोपेत कूस बदलता येत नाही. तुमची रांग बरोबर आहे. इतकी वर्षं ऐकतेय, मला पटलेली आहे. पण मला आता थांबवत नाही."

"मग काहून सांगितलं नाही इतके दिवस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? सेनेटचं विचारलंत मला. बंदुकांचं विचारलंत."

यावर मामा एकच शब्द बोलले. "जाऊ." आरशात मला दिसलं, त्यांनी पुढे वाकून मामींच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि मामींनी काठीवरचा एक हात काढून त्यावर ठेवला. माझ्या बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला खरं सांगायचं तर समोरचा रस्ता थोडा धूसर दिसायला लागला होता, आणि त्यात बर्फाचा काही दोष नव्हता.

मला वाटलं, प्रचार संपला. पण सकाळीच मामांचा फोन. "जवाईबापू, गाडी काढा. सगळ्या घरांत परत जायचं आहे." मी म्हटलं, "मत मागायला?" ते म्हणाले, "नको म्हणायला." झालं! पुन्हा त्याच गल्ल्या, तेच उंबरे, तेच वाकून बूट काढणं. दार उघडलं की मामा सांगत, मी तुम्हाला कुणी रांग सोडू नये म्हणून सांगून गेलो होतो. धोरण अजून तेच आहे आणि बरोबर आहे. पण माझी बायको थांबू शकत नाही, मी तिला घेऊन चाललोय, तेव्हा मला मत देऊ नका. मतपत्रिकेवरचं नाव मागे घ्यायची मुदत कधीच उलटली होती, त्यामुळे हा एकच मार्ग त्यांना सुचला होता. जन्मात स्वतःसाठी काही न मागणारा तो माणूस गल्लीभर फिरून मागत होता, तर काय, मत देऊ नका! आणि लोकांचं काय सांगू? ज्यांनी पहिल्या वेळी अर्ध्या दारातून बोळवलं होतं त्यांनी या वेळी आत बसवून घेतलं. कुणाच्या आईचं नाव लिस्टवर होतं, कुणाच्या डोळ्याचं, कुणाच्या गुडघ्याचं. मामा ऐकत होते. मामा ऐकताना मी तोवर पाहिलेले नव्हते. ते मान थोडी वाकडी करतात. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, अब तो पक्के से भी पक्का." मामा रागावले, पण त्यात जोर नव्हता. तमिळ आजीला सुनेने सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती आत गेली, देवापुढची विभूती घेऊन आली आणि कागदाच्या पुडीत बांधून मामींसाठी मामांच्या हातात ठेवली.

मतदान झालं त्या दिवशी मामा पुण्यात होते. निकाल मी फोनवरून कळवला. मामा पडले, हे काही सांगायला नको, पण सगळ्यात शेवटचेही आले नाहीत. त्यांच्या खाली दोघे जण होते. मी ते मोठ्या उत्साहाने सांगितलं तर मामा चिडले. "काहून देली बा लोकांनी मतं? मी तर स्वतः जाऊन नाही म्हणून आलो होतो!" मग त्यांनी मामींना फोन दिला. ऑपरेशन छान झालं होतं. पहिल्या दिवशी तपासणीला गेल्याची हकिकत मामींनी हसत हसत सांगितली. भाच्याच्या दवाखान्यात पेशंटांची गर्दी. भाचा दारात येऊन म्हणाला, आत्या, तू आत ये. मामा ऐकेनात, आपला नंबर येईल तेव्हाच येऊ म्हणून कोपऱ्यातल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. "मग?" मी विचारलं. "मग काय?" मामी म्हणाल्या, "मी आत गेले. हे बसले रांगेत. माझं तपासून झालं, एक्सरे झाला, चहा झाला, तरी यांचा नंबर आलेला नव्हता."

ते परतले तेव्हा इकडे बर्फ वितळायला लागला होता. विमानतळावर मामी काठीशिवाय चालत आल्या आणि माझ्या बायकोने भर गर्दीत रडून घेतलं. घरी पोचल्यावर मी बॅगा आत घेत होतो. मामा बूट काढायला बाकावर बसले, एक बूट काढला, आणि दुसरा तसाच ठेवून त्यांनी फोन उचलला. तिकडचं सगळं नीट होईपर्यंत इथल्या लिस्टवरचं नाव काढायचं नाही, असं मामींनी बजावलं होतं. आता ते काढायचं होतं. पलीकडून बराच वेळ गाणं वाजत राहिलं. मामा कोट घालून, एका पायात बूट, एका पायात मोजा, असे बसून होते. मग कुणीतरी बाई बोलायला लागली. तिचा आवाज मोठा होता, मला शेजारी ऐकू येत होता. मामांनी नाव सांगितलं, कारण सांगितलं. ती म्हणाली, मिसेस बऱ्या झाल्या हे ऐकून आनंद वाटला, नाव काढलंय. मामांनी फोन ठेवला नाही.

"हू इज नेक्स्ट?" त्यांनी विचारलं.

"आय कान्ट टेल यू दॅट, सर."

"शी इज इन मच पेन?"

"दे ऑल आर, सर," ती म्हणाली.

मामांनी हळूच फोन खाली ठेवला. वर मामी जिना चढत होत्या, एका पायरीवर एकच पाऊल टाकत, कठड्याला हातही न लावता, आणि वरूनच त्यांनी विचारलं, "अहो, चहा टाकू ना सगळ्यांना?" मामांनी नुसती मान हलवली, जी वर मामींना दिसणं शक्य नव्हतं. ते दुसऱ्या बुटाची नाडी हातात धरून तसेच बाकावर बसून राहिले. मी बॅगा भिंतीशी लावल्या, उगाच पुन्हा नीट लावल्या. मामांनी काहीतरी बोलावं, कुठल्याही विषयावर का होईना, कितीही वेळ का होईना, असं मला त्या दिवशी फार वाटलं.